खेळात दुसऱ्याला जागा

मुलाला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी सांगितलं की पहिल्या काही आठवड्यांत आईबापांना श्वास घ्यायला फुरसत नसते. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या वेळा जुळवायच्या असतात, शाळेशी बोलायचं असतं, घरातल्या आजी-आजोबांची समजूत काढायची असते. आणि रात्री सगळं आवरल्यावर मोबाइल हातात घेऊन एक शोध हमखास सुरू होतो : याच्यासाठी एखादं ॲप असेल का? एखादा गेम? तसं वाटणं साहजिक आहे. हाक मारली तर मूल मान वळवत नाही, पण यूट्यूबवर त्याला हवा तो लिफ्टचा व्हिडिओ क्षणात काढतं. ज्या वाटेनं ते आपणहून जातं, त्याच वाटेनं आपणही त्याच्यापर्यंत पोचू, असं कुणालाही वाटेल. संशोधकांनाही तसंच वाटलं होतं, त्यालाही आता पन्नासहून अधिक वर्षं झाली. एवढ्या काळात काय हाती लागलं आणि त्यातलं मराठी घरातल्या मुलापर्यंत काय पोचतं, हे एकदा सलग पाहण्यासारखं आहे.

सुरुवात टॅबच्या कितीतरी आधीची. १९६० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केनेथ कोल्बी या मनोविकारतज्ज्ञानं न बोलणाऱ्या मुलांना संगणकासमोर बसवलं. मुलानं कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटायचं आणि आवाज यायचा. मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही, चुका काढायच्या नाहीत, मूल खेळेल तसं खेळू द्यायचं, अशी त्यांची पद्धत. १९७३ साली त्यांनी १७ मुलांचा अनुभव मांडला आणि त्यांतल्या १३ जणांच्या भाषेत सुधारणा दिसल्याचं सांगितलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून आजच्या कसोटीवर हा पुरावा कच्चाच म्हणावा लागेल.

१९७६ मध्ये स्कॉटलंडला एडिनबरा विद्यापीठात सिल्व्हिया वीअर आणि रिकी इमॅन्युएल यांनी वेगळा प्रयोग केला. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी तयार केलेली लोगो ही संगणकभाषा तेव्हा नवीन होती. तिच्या आज्ञेवर जमिनीवरून चालणारं एक यांत्रिक कासव असे. ऑटिझम असलेल्या सात वर्षांच्या एका मुलाच्या हाती या कासवाची बटणं दिली. एक बटण दाबलं की कासव पुढे जाणार, दुसरं दाबलं की वळणार, आणि प्रत्येक वेळी तसंच होणार. कासव आपलं ऐकतं हे लक्षात आल्यावर त्या मुलाला शेजारी बसलेल्या माणसाशी बोलण्यासारखं काही मिळालं. संशोधकांनी दावा मोजकाच केला : कासवानं संवादाला चालना दिली, इतकाच.

या दोन प्रयोगांतच पुढच्या सगळ्या कामाच्या दोन वाटा दिसतात. एका वाटेवर मूल आणि यंत्र अशी दोघंच असतात आणि यंत्र गुरुजी होतं. दुसऱ्या वाटेवर यंत्र दोन माणसांच्या मध्ये ठेवलेलं असतं. माझं मत आधीच सांगून टाकते : ॲपचं नाव, किंमत, त्यावरची चित्रं यांपेक्षा ते या दोनपैकी कुठल्या वाटेवरचं आहे, हे आधी पाहावं.

पैसा आणि गाजावाजा बराच काळ पहिल्या वाटेवर राहिला. यंत्र तिथे शिक्षक म्हणून का आवडावं, हे समजण्यासारखं आहे. ते रागावत नाही, आवाज चढवत नाही, दहाव्यांदा विचारलं तरी पहिल्यासारखंच उत्तर देतं. माणसाचा चेहरा मात्र एका वाक्यात चार वेळा बदलतो. मग चेहरे वाचायला यंत्राकडूनच शिकवलं तर? केंब्रिज विद्यापीठातल्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटानं याच विचारातून २००४ मध्ये ४१२ भावनांचा एक संगणकीय कोश काढला आणि त्यानंतर ‘द ट्रान्सपोर्टर्स’ ही लहान मुलांसाठीची ॲनिमेशन मालिका. तिची कल्पना सुरेख आहे. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना गाड्यांचं वेड असतं, म्हणून ट्राम, केबल कार, फेरीबोट ही पात्रं घेतली. ती ठरलेल्या मार्गावरूनच ये-जा करतात, कुठे अचानक वळत नाहीत. आणि त्यांच्या पुढच्या बाजूला खऱ्या माणसांचे हलते चेहरे बसवलेले असतात. १५ भाग, प्रत्येकात एक भावना. चार आठवडे रोज ही मालिका पाहिलेली चार ते सात वर्षांची मुलं भावना ओळखण्यात इतर मुलांच्या बरोबरीला आली, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. त्या अभ्यासातल्या मुलांची भाषा आणि आकलन मात्र बऱ्यापैकी होतं. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात ५५ मुलांवर चाचणी झाली, त्यांत आकलनाच्या अडचणी अधिक असलेली मुलं होती. तिथे परिणाम फारच तोकडा निघाला.

असंच पुढेही होत राहिलं. एडिनबरामध्ये स्यू फ्लेचर-वॉटसन आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आयपॅडवरचा खेळ काढला. गर्दीच्या चित्रात माणूस शोधायचा, मग तो माणूस कुठे बघतो किंवा बोट दाखवतो ती वस्तू शोधायची. मुलांना खेळ आवडला, पालकांनाही आवडला. २०१६ मध्ये ५४ मुलांच्या चाचणीचे निष्कर्ष आले : खेळात मुलं पुढे गेली, पण प्रत्यक्ष माणसांशी खेळताना-बोलताना दोन गटांत फरक दिसला नाही. ज्यांनी खेळ केला त्यांनीच हे प्रसिद्ध केलं, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. आज दुकानात ‘ऑटिझमसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक ॲपच्या मागे अशी एकही चाचणी नसते.

पडद्यावर शिकलेलं पडद्याबाहेर येत नाही, ही अडचण या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पडद्यावरचा राग नेहमी समोरून, भरपूर उजेडात, तीन-चार सेकंद थांबून दिसतो. घरातल्या काकूंचा राग स्वयंपाकघरातून, पाठमोऱ्या, भांड्यांच्या आवाजात येतो.

या अडचणीवर एक उपाय म्हणजे यंत्रच घरात आणायचं. स्टॅनफर्डच्या गटानं गूगल ग्लास या चष्म्यावर चालणारी प्रणाली केली. समोरच्याच्या चेहऱ्यावरची भावना ओळखून चष्मा मुलाला लगेच खूण करतो. २०१९ मध्ये ७१ मुलांच्या चाचणीत रोजच्या सामाजिक वागण्यात मोजण्याइतका फायदा दिसला. इथे सराव घरच्याच माणसांच्या चेहऱ्यांवर होत होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. येल विद्यापीठाच्या ब्रायन स्कॅसेलाटी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १२ कुटुंबांच्या घरी महिनाभर एक छोटा यंत्रमानव ठेवला. रोज अर्धा तास खेळ, आणि खेळात पालकानं सोबत बसायचंच. यंत्रमानव समोर नसतानाही मुलं मोठ्यांबरोबर एकाच गोष्टीकडे लक्ष देण्यात सुधारली. इंग्लंडच्या हर्टफर्डशर विद्यापीठातला कॅस्पर हा २००५ पासूनचा बाहुला-यंत्रमानवही याच जातीचा. चेहरा मुद्दाम साधा, भाव मोजके. जोरात मारलं तर ‘लागलं’ म्हणतो, गुदगुल्या केल्या तर खूश होतो.

पण या यंत्रांबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. येलच्या प्रयोगातला यंत्रमानव जिबो ज्या कंपनीचा, ती त्याच सुमारास बंद पडली. गूगलनं २०२३ मध्ये तो चष्मा विकणं थांबवलं. ऑटिझमच्या प्रयोगांत खूप वापरला गेलेला यंत्रमानव नाओ बनवणारी फ्रेंच कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्या मुलाला शाळेच्या बसचा रस्ता बदलला तरी सोसत नाही, त्याचा रोजचा सोबती एके दिवशी अचानक बोलायचा थांबतो. त्या घरात त्या संध्याकाळी काय होत असेल, याचा हिशेब कुठल्याही निबंधात नाही. महागड्या यंत्राची शिफारस करणाऱ्यानं तो आधी करावा.

आता दुसरी वाट. तिथलं काम कमी गाजलं, पण मला तेच खरं मोलाचं वाटतं.

इटलीत त्रेन्तो इथल्या संशोधकांनी एक मोठं स्पर्शपटल टेबलासारखं मांडलं आणि त्यावर चित्रकोडं ठेवलं. साधं कोडं, तुकडे सरकवून चित्र पुरं करायचं. नियम एकच बदलला : तुकड्यावर दोन्ही मुलांचं बोट असेल आणि दोघंही एकाच वेळी ओढतील, तरच तो हलेल. फुगडी जशी एकट्यानं घालता येत नाही, तसं हे कोडं. एकट्यानं चित्रकोडी लावण्यात तरबेज असलेला मुलगा बोट ठेवतो, तुकडा ढिम्म. पुन्हा ओढतो, तरी ढिम्म. समोरच्या हाताची त्याला आता गरज आहे. तो हात कुणाचा आहे, तो कुठे चाललाय, हे पाहिल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही. ‘डोळ्यांत बघ’, ‘मित्राशी बोल’ असं कुणी बजावत नाही. संशोधकांना असं दिसलं की या नियमामुळे ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये आपसांतली जुळवाजुळव वाढली.

बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात नार्सिस पारेस यांच्या गटानं यापुढची पायरी गाठली. ‘लँड्स ऑफ फॉग’ या त्यांच्या खेळात सहा मीटर व्यासाचं वर्तुळ जमिनीवर प्रक्षेपित होतं, सगळीकडे धुकं. दोन मुलं, एक ऑटिझम असलेलं आणि एक नसलेलं, हातात फुलपाखरं पकडायची जाळी घेऊन त्यात शिरतात. चालाल तिथलं धुकं विरतं, काजवे सापडतात, काजव्यांतून प्राणी तयार होतात. आणि दोघं जवळ येऊन काही केलं की एकट्याला कधीच न दिसणारं काहीतरी घडतं. खुर्ची नाही, हातात पडदा नाही. मुलं अंगभर खेळतात.

मला सर्वांत विचार करायला लावणारी हकिकत मात्र ब्रिटनमधल्या ‘एकोज’ प्रकल्पाची आहे. मोठ्या स्पर्शपटलावर जादूची बाग, बागेत अँडी नावाचा आभासी मुलगा. अँडीनं मुलांना संवाद शिकवावा अशी योजना होती. प्रत्यक्षात प्रणाली अधूनमधून चुकायची. अँडी भलतंच काही करायचा, एखादी वस्तू नको तिथे जायची. संशोधकांनी चित्रफिती तपासल्या तेव्हा एक नमुना दिसला. असं काही बिघडलं की मुलं शेजारच्या मोठ्या माणसाकडे वळत होती. कुणी बोट दाखवत होतं, कुणी हसत होतं, कुणी बोलत होतं. बघ, हा काय करतोय! आपण होऊन दुसऱ्याला काही दाखवणं ही ऑटिझममध्ये फार अवघड मानली जाणारी गोष्ट. ती धड्यानं न होता धडा फसल्यामुळे होत होती. मग अलिसा अल्कॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी ठरवून केलेली विसंगती असलेले खेळच तयार केले. या प्रकाराला ना चष्मा लागतो ना यंत्रमानव. रोज तीच गोष्ट वाचणाऱ्या बाबांनी एखाद्या दिवशी हत्तीला ‘म्याव’ म्हणायला लावलं, तरी तत्त्व तेच.

संवादाच्या यंत्रांची गोष्ट वेगळी आणि ती अधिक ठाम पुराव्याची आहे. बोलता न येणाऱ्या मुलाला चित्रावर बोट ठेवून बोलायची सोय देणं, हा खेळ नाही, त्याचा हक्क आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी जेमतेम काही शब्द बोलणाऱ्या पाच ते आठ वर्षांच्या ६१ मुलांवर चाचणी केली. सगळ्यांना खेळातून संवादाची तीच थेरपी मिळाली. निम्म्यांच्या बाबतीत थेरपिस्ट सोबत बोलणारं यंत्रही वापरत होते. यंत्र असलेल्या गटातली मुलं आपणहून अधिक बोलू लागली. इथेही यंत्र खेळाच्या मधोमध होतं आणि ते वापरणारं एक मोठं माणूस समोर होतं.

आपल्याकडे या यंत्राची भीती अजून फार आहे. ‘टॅब बोलायला लागला तर हा तोंड कशाला उघडेल?’ हे वाक्य आजीच म्हणते असं नाही, काही शिक्षकही म्हणतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २७ जणांची माहिती बारकाईनं तपासली होती. अशा साधनांमुळे त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलं होतं. ही भीती धरून दोन-तीन वर्षं वाट पाहणाऱ्या घरात मूल तेवढा काळ रडून, ओढून, चावून बोलत राहतं.

भारतात या बाबतीत खरोखर चांगलं काम झालं आहे. परदेशी यंत्रं लाखांच्या घरात असताना चेन्नईत अजित नारायणन यांनी २०१० च्या सुमारास ‘आवाज’ हे साधन आणलं, ते पुढे टॅबवरचं ॲप झालं. मुंबईत आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात रवी पूवय्या आणि सहकाऱ्यांनी ‘जेलो’ तयार केलं. ते मोफत आहे आणि मराठीतही आहे. मध्ये चित्रांच्या गटांची मांडणी : खाणं, खेळ, माणसं, जागा. दोन्ही बाजूंना भाव सांगणारी सहा बटणं : आवडतं-नावडतं, हो-नाही, अजून-कमी. एका चित्राला वेगवेगळी बटणं जोडली की वेगवेगळी पूर्ण वाक्यं ऐकू येतात.

मराठीत असं साधन करणं म्हणजे इंग्रजी चित्रांखाली मराठी शब्द लिहिणं नव्हे. लाडू हवा, पोळी हवी, पाणी हवं. चित्रं नुसती एकापुढे एक ठेवली तर मराठी वाक्य होत नाही, क्रियापदाला नामाचं लिंग आधी कळावं लागतं. बोलणाऱ्याचंही कळावं लागतं : मुलगी ‘मी जाते’ म्हणणार, मुलगा ‘मी जातो’. त्यातही कोल्हापूरकडच्या मुली घरात सहज ‘मी येतो’ म्हणतात. अशा मुलीच्या टॅबनं ‘येते’ म्हटलं तर तो आवाज तिच्या घरातला राहत नाही. मालवणात आणि नागपुरात ताटात एकच पदार्थ नसतो, हाकही एकसारखी नसते. यंत्रातला मराठी आवाज तर बहुतेकदा मोठ्या माणसाचाच असतो. सहा वर्षांच्या मुलाला तो आपला कसा वाटावा? ही कामं संगणकतज्ज्ञांइतकीच भाषेच्या माणसांची आहेत. मराठीचे प्राध्यापक, बोलींचे अभ्यासक या कामात जवळपास दिसत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता पडद्याच्या धास्तीबद्दल. ‘मोबाइलमुळे ऑटिझम झाला’ असं नातेवाईक बिनदिक्कत बोलून जातात आणि आई आयुष्यभर तो बोल उराशी धरून राहते. पडद्यानं ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. त्यामागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. अधिक पडदा आणि ऑटिझम यांचा संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, पण त्यांत काय आधी हे ठरत नाही. जे मूल माणसांत कमी रमतं त्याच्या हाती मोबाइल अधिक जातो, हेही तितकंच शक्य आहे. तरीही काळजी हवीच. भारतीय बालरोग संघटनेनं दोन वर्षांखाली पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाभराहून अधिक नको, असं सांगितलं आहे. ऑटिझम असलेल्या मुलांना गेममधून बाहेर येणं अधिक जड जातं. २०१३ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात ऑटिझम असलेले मुलगे दिवसाला सरासरी २.१ तास व्हिडिओ गेम खेळत होते, इतर मुलगे १.२ तास.

मात्र शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी गेम ही मैत्रीची जागाही होऊ शकते. कॅनडातले स्टुअर्ट डंकन स्वतः ऑटिस्टिक आणि ऑटिस्टिक मुलाचे वडील. माइनक्राफ्ट खेळताना अशा मुलांना इतर खेळाडू छळतात, त्यांनी बांधलेलं पाडून टाकतात, हे पाहून त्यांनी २०१३ मध्ये ‘ऑटक्राफ्ट’ हा स्वतंत्र सर्व्हर सुरू केला. नाव नोंदवून परवानगी मिळालेल्यांनाच तिथे प्रवेश, त्रास देणाऱ्याला बाहेरचा रस्ता. तिथे कुणी कुणाला चेहरे वाचायला शिकवत नाही. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञानं २०१२ मध्ये मांडलं होतं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत, तसे इतरांनाही तो कळत नाही. ऑटिस्टिक माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा संवाद चांगला होतो, हे पुढच्या प्रयोगांत दिसलंही. हे एकदा मान्य केलं की सगळे खेळ मुलालाच बदलायला का निघालेत, असा प्रश्न पडतो. बाकीच्यांना त्याची भाषा शिकवणारे खेळ मला तरी फारसे दिसत नाहीत.

तसं एक काम मात्र आपल्या शेजारीच, गोव्यात झालं आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेनं रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांसोबत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’त आले. ६५ मुलं. तज्ज्ञ नसलेल्या, खास प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या घरी जात. आई किंवा वडील मुलाशी खेळत असताना त्याचं चित्रण करत आणि मग पालकाबरोबर बसून ते पाहत. इथे तो तुमच्याकडे वळला, दिसलं का? इथे तुम्ही थांबलात म्हणून त्यानं गाडी पुढे केली. कॅमेऱ्यातून मुलाला काही शिकवायचं नव्हतं, पालकाला मूल दिसावं म्हणून तो होता. पालकांचं बोलणं मुलाच्या कलानं होऊ लागलं, मुलं आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढण्याऐवजी घटला. निष्कर्षांत हेही नोंदवलं आहे आणि ते लक्षात ठेवायला हवं.

ऑटिझम ओळखण्याच्या बाबतीतही असंच घडतं आहे. संगाथ, रीडिंग विद्यापीठ आणि मुंबईची आयआयटी यांच्या संशोधकांनी ‘स्टार्ट’ हे टॅबवरचं ॲप केलं. बुडबुडे फोडणं, रंग भरणं, माणसांचा किंवा फिरत्या आकृत्यांचा व्हिडिओ निवडणं असे छोटे खेळ. मूल ते कसे खेळतं यावरून कुणाला तज्ज्ञांकडे पाठवायचं हे कळावं. दिल्लीत १३१ मुलांच्या घरी जाऊन साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ते वापरून पाहिलं आणि ते जमण्यासारखं आहे असं दिसलं. निदान मात्र तज्ज्ञांनीच करायचं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत लवकर हस्तक्षेपाची केंद्रं उभी करायची योजना २०१३ पासून आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आईला दर आठवड्याला पुण्या-मुंबईची थेरपी परवडणार नाही. तिच्या तालुक्यात अशी प्रशिक्षित कार्यकर्ती, तिच्या बोलीत बोलणारं मोफत ॲप आणि तिच्याच फोनवर केलेलं दहा मिनिटांचं चित्रण, एवढ्याची सोय करायला नवा शोध लागायचा बाकी नाही. कार्यकर्तीचा पगार, प्रशिक्षणाचे दिवस आणि गावोगाव जायचा प्रवासखर्च मंजूर व्हायचा बाकी आहे.